सावकार निवडता येत नाही

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात शिरलं की समोरच्याच भिंतीवर पेंटरकडून रंगवून घेतलेली अक्षरं दिसायची: विद्यादान हे सर्वश्रेष्ठ दान. ग्रंथपाल म्हणून माझी सगळी नोकरी त्या अक्षरांखाली गेली. नॅकची समिती येवो की संस्थेचे अध्यक्ष, फोटो त्याच भिंतीपुढे निघायचा. मला मात्र ते वाक्य पुढे पुढे खटकायला लागलं, आणि निवृत्त झाल्यापासून तर त्याच्याशी माझं उघड भांडण आहे.

दान म्हटलं की आधी मालकी आली. जे माझं, तेच मी देणार. मग घेणारा लायक आहे का हे बघणं आलं. गीतेनं सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र यांची अट घातलीच आहे. मनुस्मृती सगळ्या दानांत वेदाचं दान वरचं मानते, आणि तीच मनुस्मृती असंही सांगते की योग्य शिष्य मिळाला नाही तर विद्येसकट मरून जावं, पण खारवट रानात ती पेरू नये. निरुक्तात तर विद्या स्वतः ब्राह्मणाच्या दारी येते आणि विनवते, मला राख, मी तुझी ठेव आहे. ठेव म्हटली की कुलूप आलं आणि किल्ली कुणाच्या कनवटीला हा प्रश्नही आला. ज्यांना किल्ली दिली नाही त्यांची यादी आपल्याला पाठ आहे. त्यात बायका होत्या, म्हणून मी हे जरा कडूपणानं लिहिते आहे, असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही.

हे सगळं जुनं झालं म्हणून सोडून देता आलं असतं. पण आज विज्ञानाचं ज्ञान जगात कसं फिरतं ते मी टेबलाच्या अलीकडून पाहिलेलं आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा आमचे वनस्पतिशास्त्राचे सर गवतांवर पडणाऱ्या तांबेऱ्यावर काम करत. परदेशी जर्नल घ्यायची कॉलेजची ऐपत नव्हती. विद्यापीठात 'करंट कंटेन्ट्स' नावाचं लहान आकाराचं साप्ताहिक येई. फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्ड यांच्या संस्थेनं काढलेलं. आत जगभरच्या जर्नलांच्या नुसत्या अनुक्रमणिका आणि मागे लेखकांचे पत्ते. सर विद्यापीठात गेले की पत्ते उतरवून आणायचे आणि मग कार्डं भरायला बसायचे. पोस्टकार्डाएवढी छापील कार्डं. 'आपल्या पुढील लेखाची एक प्रत पाठवल्यास आभारी होईन' एवढाच इंग्रजी मजकूर, खाली लेखाचं नाव, खंड, पान, साल यांसाठी रिकाम्या ओळी. ती माझ्या टेबलावरून जायची, म्हणून जावक रजिस्टरला चढवायचं काम माझं. महिना-दोन महिन्यांनी खाकी पाकिटं यायला लागत. प्राग, ओटावा, सापोरो. आत स्टेपल मारलेलं रीप्रिंट, वरच्या कोपऱ्यात शाईनं दोन शब्द आणि सही. लेखकाला जर्नलकडून आपल्या लेखाच्या काही सुट्या प्रती मिळत, त्या तो मागेल त्याला पाठवी. पोस्टाचा खर्चही तोच सोसे. आमच्या गावाचं नाव त्यांनी कशाला ऐकलेलं असणार! तरी तुम्ही कोण, तुमची पात्रता काय, असं एकानंही विचारलं नाही. तिकिटं शिपाईमामांच्या मुलीच्या वहीत चिकटायची. पुढे सरांच्याही एका लेखासाठी अशी कार्डं आली, त्यातलं एक क्युबाहून. मी म्हटलं, सर, तुम्ही आता दाते झालात. सर म्हणाले, "दाता कसला? मागितलं की पाठवायचं असतं. मला नाही का पाठवलं त्यांनी?"

माझ्या भांडणाला तोंड फुटलं ते बहुधा तेव्हाच.

आता संशोधन कसं छापतात ते बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला खरं वाटत नाही. पैसा बहुतेक वेळा सरकारचा, म्हणजे तुमच्या-माझ्या कराचा. लेख लिहिणाऱ्याला मानधन नाही. लेख तपासणारे त्याच विषयातले दुसरे संशोधक, त्यांनाही छदाम नाही. आणि छापून आल्यावर तोच लेख त्यांच्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयानं वर्गणी भरून विकत घ्यायचा. सुटा हवा तर एका लेखाचे तीस-चाळीस डॉलर. दुसऱ्या महायुद्धानंतर रॉबर्ट मॅक्सवेल याच्या पर्गमॉन प्रेसनं हा धंदा किती किफायतीचा आहे ते जगाला दाखवलं, आणि १९९१ मध्ये ती कंपनी ॲम्स्टरडॅमच्या एल्सेव्हियरनं घेतली. गंमत म्हणजे त्याच साली ऑगस्टमध्ये अमेरिकेत लॉस अलामॉसला पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञानं आपल्या मंडळींसाठी लेख छापून येण्याआधीच एकमेकांना मिळावेत अशी सोय केली. तेच आजचं 'आर्काइव्ह'. भौतिकवाल्यांचं आणि गणितवाल्यांचं त्यावर पिढ्यान्‌पिढ्या भागतं आहे. रसायन आणि वैद्यक मात्र बराच काळ कुलपातच राहिलं.

आमच्याकडे वर्गण्या एकेक करून बंद झाल्या. मग पोरं साय-हबवर जायला लागली. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान या मुलीनं २०११ साली ते सुरू केलं आणि कुलपातले कोट्यवधी लेख उघड्यावर आणून ठेवले. २०२० च्या अखेरीस एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी दिल्ली उच्च न्यायालयात तिच्यावर दावा लावला. ही चोरी आहे का, असं मला ग्रंथपालांच्या शिबिरात एकानं विचारलं होतं. कायद्यानं आहे, मी म्हटलं. पण चोरीला गेलेल्या वस्तूचा मूळ धनी कोण तेवढं मला सांगा. त्यावर चहाची सुटी झाली. दिल्लीच्याच न्यायालयात २०१६ साली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध तीन बड्या प्रकाशकांनी लावलेल्या खटल्याचा निकाल लागला, तेव्हा न्यायमूर्ती एंडलॉ यांनी त्यात नोंदवलं की कॉपीराइट हा काही ईश्वरदत्त किंवा नैसर्गिक हक्क नव्हे. धर्मशास्त्र सांगणाऱ्यांनीही हे वाक्य पाठ करावं असं आहे.

सरकारनं आता 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' काढलं. जानेवारी २०२५ पासून तीस प्रकाशकांची तेरा हजारांच्या आसपास जर्नलं सहा हजार तीनशेहून जास्त सरकारी संस्थांना खुली झाली. तीन वर्षांचे सहा हजार कोटी. चांगलं झालं, माझ्या काळात झालं असतं तर मी पेढे वाटले असते. पण ही खंडणी आहे हे विसरू नये, आणि संस्थेच्या शिक्क्याबाहेरचा माणूस अजून दाराबाहेरच उभा आहे. तालुक्याला स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टर त्यात नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे वाचणाऱ्याला फुकट, लिहिणाऱ्याकडून पैसे. 'नेचर'नं २०२० साली या सोयीचा दर ९,५०० युरो सांगितला. म्हणजे ऐकण्याचा अधिकार सर्वांना दिला आणि बोलण्याचा धनिकांकडे ठेवला. पूर्वी अधिकार जन्मावरून ठरायचा, आता पत्त्यावरून.

काही ज्ञान कुलपातच बरं, असं कुणी म्हणेल. २०११ साली बर्ड फ्लूचा विषाणू एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे हवेतून जाईल असा बनवल्यावर ते तपशील छापावेत की नाही यावर जगभर वाद झाला. वाद योग्यच होता. पण चाळीस डॉलर भरले की उघडतं ते कुलूप धोक्यासाठी घातलेलं नसतं, एवढं तरी मान्य करू.

माझं माहेर नेवाशाच्या बाजूचं. पैसाचा खांब लहानपणापासून डोक्यात बसलेला. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी उतरवून घेतलं, साल १२९०. गीता मराठीत आली याचं कौतुक आपण करतोच. मला जास्त विचारात पाडतं ते ग्रंथाचं शेवटचं वळण. नऊ हजारांवर ओव्या सांगून झाल्यावर माणूस काय करतो? हात पसरतो. पसायदान हे मागणं आहे. एवढं देऊनही देणाऱ्याच्या पाटावर तो बसलाच नाही. जे सांगितलं ते निवृत्तीनाथांचं म्हणाला आणि स्वतः याचकाच्या जागी उभा राहिला. माझ्या सरांना पसायदानाबद्दल काय वाटे मला माहीत नाही, ते देवळात फारसे जात नसत. पण "दाता कसला?" म्हणणारा माणूस याच घरातला.

आणि मग मला आपल्याच मातीतली उलटी गोष्ट आठवते, ती महानुभावांची. चक्रधरस्वामींचा आग्रह मराठीचा. पुढे केशिराजबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, का, तर आपल्या पंथातल्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील. इतका स्वच्छ विचार मला कुठल्याही विद्यापीठाच्या धोरणात सापडलेला नाही. आणि त्याच पंथानं पुढे आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत घातल्या. एका अक्षराच्या जागी दुसरं, किल्ली फक्त पंथातल्यांकडे. परिणाम असा की मराठीतलं सगळ्यात जुनं गद्य, 'लीळाचरित्र', मराठी माणसाला कित्येक शतकं ठाऊकच नव्हतं. पंथाबद्दल नाही नाही ते गैरसमज पसरले ते वेगळेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्यांनी ती लिपी उलगडली तेव्हा कुठे ते दालन उघडलं.

पण मी त्यांना सहज दोष देणार नाही. भोवतालचा समाज विरोधात, शब्द विटाळला जाण्याची, मोडतोड होण्याची धास्ती. ज्यांना एकदा पोळलंय ते दार लावून घेतात. हळदीचंच घ्या. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला अमेरिकेत पेटंट मिळालं, जखमेवर हळद लावण्याचं! आपल्या घरात हे आजीला कुणी शिकवावं लागत नाही. सीएसआयआरचे प्रमुख तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे. त्यांच्या संस्थेनं जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा एक भारतीय वैद्यकीय लेख पुरावा म्हणून पुढे ठेवला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. पुढे असं होऊ नये म्हणून आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतले योग पाच परकी भाषांत उतरवून पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं केलं. आणि ते ग्रंथालय वर्षानुवर्षं कुणाला वाचायला मिळे? देशोदेशीच्या पेटंट कार्यालयांना, गुप्ततेचा करार करून. तुम्हाला-मला नाही. जे ज्ञान सर्वांचं होतं म्हणून वाचलं, ते वाचवायला ते सर्वांपासून राखून ठेवावं लागलं. २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं ते इतरांनाही खुलं करायला मान्यता दिली.

इंडोनेशियाचं तर याहून कठीण. बर्ड फ्लूनं माणसं मरत होती तिथे. विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेकडे पाठवायचे, त्यावर परदेशी कंपन्यांनी लस करायची, आणि ती लस इंडोनेशियाला परवडायची नाही. तिथल्या आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी नमुने देणंच थांबवलं. जग त्यांच्यावर तुटून पडलं, विज्ञानाच्या आड येता म्हणून. त्यातून वाटाघाटी होऊन २०११ साली एक चौकट ठरली: नमुने देणाऱ्यांना लशीत आणि औषधांत वाटा.

दानाच्या हिशेबानं पाहिलं तर सुपारीबाई कद्रू ठरतात. ते मला पटत नाही. म्हणून मी दान बाजूला ठेवते आणि आपल्याच परंपरेतली दुसरी कल्पना पुढे ओढते, ऋणाची. तैत्तिरीय संहिता म्हणते की माणूस जन्मतो तोच तीन ऋणं घेऊन: ऋषींचं, देवांचं, पितरांचं. मूळ वचन ब्राह्मणापुरतंच बोलतं, ते तसंच ठेवून चालणार नाही. कल्पना मोठी आहे, तिला मोठं करून घ्यावं. ऋषिऋण फेडायचं ते अध्ययनानं, म्हणजे मिळालेलं पुढे चालवून. इथे मी मालक नाही, देणेकरी आहे. आणि देणेकऱ्याला सावकार निवडता येत नाही. समोरचा लायक आहे का, त्याचा पत्ता कुठला, त्याला कळेल का, हे प्रश्नच त्यानं करायचे नसतात. उशीर झाला तर व्याज चढतं, एवढंच.

आता देणं कुणाचं ते पाहा. आधीच्या संशोधकांचं आहे, हे सगळेच लेखाच्या शेवटी संदर्भ देऊन कबूल करतात. ज्यांच्या अंगावर, रानात, घरात ते ज्ञान घडलं त्यांचं? महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातला तांबडा विंचू चावलेले रोगी रात्र रात्र उशाशी बसून पाहिले. छातीत पाणी भरून माणूस का जातो आणि प्राझोसिनच्या साध्या गोळीनं तो कसा वाचतो, हे त्यांनी १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलं. लंडनला मान मिळाला, मिळायलाच हवा होता. पण त्या लेखाचे खरे धनको कोण, तर विंचू चावल्यावर आरोग्य केंद्रात आणलेली पोरं. आणि ते देणं फिटतं कधी, तर रात्रपाळीच्या नव्या डॉक्टरला ती गोळी ठाऊक असते तेव्हा. लेख छापणं हा त्या फेडीतला पहिला हप्ता.

खर्चाचं काय, हा प्रकाशकांचा सवाल मात्र खोटा नाही. ज्ञान नीट राखायला कष्ट पडतात. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून, पाठ ताडून, भेसळ काढून शुद्ध प्रत तयार केली आणि वर बजावलं की यात कुणी आपली ओवी घुसडू नये. ते फुकट झालं, पण सोपं झालं नव्हतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ला हाती घेतली ती १९६६ ला पुरी झाली. बाराशेवर हस्तलिखितं, शारदेपासून मल्याळमपर्यंतच्या लिप्या. खर्चाची सुरुवात औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या लाखाच्या देणगीनं झाली. पुढची हकिकत मला फार आवडते. क्योतोचे मुनेओ तोकुनागा यांनी ती सगळी संहिता संगणकावर चढवली, केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी तपासून दुरुस्त केली आणि ती परत भांडारकरच्याच नावानं जगाला फुकट वाचायला ठेवली. पुणे, क्योतो, केंब्रिज, पुणे. पैसा आधी कुणीतरी घातला, म्हणून शेवटी दारावर पावती फाडावी लागली नाही. ब्राझीलनं नव्वदच्या दशकाच्या शेवटी 'सायेलो' काढलं तेही याच रीतीचं: जर्नलांचा बराचसा भार सरकारी पैशावर आणि विद्यापीठांवर, वाचायला काही नाही. जमतं, हे दिसलेलं आहे. जिथे जमत नाही तिथे खर्चापेक्षा नफ्याची अडचण असते, हे माझं मत.

माझी भाची नेदरलँड्समध्ये वागेनिंगेनला आहे, तुरीच्या मर रोगावर काम करते. रोगट झाडांचे नमुने तिनं आमच्याकडच्या शेतकऱ्यांच्या रानातून नेले, जैवविविधता कायद्याखालच्या परवानग्या काढता काढता नाकी नऊ आले तरी. तिचा लेख तिकडच्या नियमानं पहिल्या दिवसापासून सर्वांना खुला आहे. तिनं मला लिंक पाठवली, मी ती ज्यांच्या रानातला नमुना होता त्यांतल्या एकांना पाठवली. त्यांनी आधी अंगठा पाठवला आणि तासाभरानं विचारलं, "ताई, आमची सातशेछत्तीस यात धरलीय का?" बदनापूरचं बीएसएमआर ७३६, त्यांचं नेहमीचं वाण.

मी भाचीला फोन लावला. म्हटलं, दोन पानं मराठीत लिही. ती म्हणाली, "मावशी, तुला सोपं वाटतं. मला आठवडा लागेल, आणि त्याचे गुण कुठे धरतात ते दाखव." गुण कुठेच धरत नाहीत, हे खरं आहे. आमच्याकडे पदोन्नतीच्या तक्त्यात आंतरराष्ट्रीय जर्नलला रकाना होता, शेतकऱ्याला नव्हता. शेवटी असं ठरलं की तिनं फोनवर सांगायचं आणि मी उतरवून घ्यायचं. बियाण्याला ट्रायकोडर्मा कसा चोळायचा इथपर्यंत झालंय. आणि ७३६ तिच्या प्रयोगात नव्हतं. ते का नव्हतं हे त्यांना काय सांगायचं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "नव्हतं म्हणून सांग. आणि त्यांच्याकडे बियाणं आहे का विचार, पुढच्या खेपेला घेते."